आधी परत मिळालेली छत्री

लोक मोहाला बळी पडतात आणि मग पस्तावत बसतात. विरुपाक्षचं सगळंच उलटं. तो बळी पडला नाही, आणि पस्तावा मात्र त्याच्या पदरात पुरेपूर पडला. ह्याला नशीब म्हणावं की गाढवपणा, हे ज्याचं त्यानं ठरवावं. विरुपाक्षनं स्वतःपुरतं ठरवलेलं होतं, पण ते तो कुणाला सांगत नसे.

लोहाऱ्याच्या बाजूला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा तो तिथं प्रोजेक्टरवाला म्हणून लागला. साखर कारखान्याला प्रोजेक्टर कशाला, असं विचारू नये. सहकाराचे दिवस होते आणि चेअरमन आबारावांना सभासदांचं प्रबोधन करायची फार हौस होती. विरुपाक्ष जीपमध्ये प्रोजेक्टर, जनरेटर आणि पांढरं कापड टाकून गावोगाव हिंडायचा. उसावरची कीड, शेणखताचा खड्डा आणि कुटुंबनियोजन, असा त्याचा तीन अंकी खेळ. बाहत्तरचा दुष्काळ पडला, ऊस उभ्या जागी वाळला, कारखान्याचं गाळप थांबलं, तरी जीप थांबली नाही. ती खडी फोडायच्या कामांवर जाऊ लागली. दिवसभर खडी फोडून आलेल्या माणसांपुढं विरुपाक्ष शेणखताचा खड्डा लावायचा. जनावरं छावणीत, शेण कुणाच्या गोठ्यात नाही, पण खड्डा आपला पडद्यावर.

अशा खेळाला कुठलं रीळ आधी आणि कुठलं नंतर, ह्यानं काही बिघडत नाही. विरुपाक्षच्या हाताला तीच सवय लागली होती. जो डबा वर असेल तो उघडायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "कुठलंबी आधी लावा, कीड तीच आन दुष्काळ तोच."

आता शांताक्काचं सांगायला हवं, कारण गोष्ट तिचीच आहे.

शांताक्का ही हणमंतप्पाची बायको. हणमंतप्पा कारखान्यात फिटर, विरुपाक्षचा लहानपणापासूनचा दोस्त. गाळप बंद पडायच्या तीन वर्षं आधीच त्याला गुजरातेत कुठंतरी बरं काम मिळालं. एस. टी. सुटताना खिडकीतून हात बाहेर काढून त्यानं विरुपाक्षचा हात धरला आणि म्हणाला, "घराकडं जरा लक्ष असू दे, विरू." विरुपाक्षनं मान हलवली. पहिलं वर्ष हणमंतप्पा सणाला आला, दुसऱ्या वर्षी आला नाही, आणि मग त्यानं तिकडं दुसरा संसार थाटल्याची बातमी आली. ती खरी असल्याची खात्री करून घेण्यात आणखी एक वर्ष गेलं. शांताक्का कारखान्याच्या कॉलनीत बालवाडी चालवायची, खोलीही कॉलनीतच. ती ना सवाष्णीत धरली जायची, ना विधवेत.

विरुपाक्ष लक्ष ठेवत होता. टँकर आला की तिच्या घागरी भरून दारात नेऊन ठेवायचा, रेशनची तांबडी मिलो ज्वारी आणून द्यायचा, पत्र्यावरचा दगड सरकला तर वर चढून नीट करायचा. लक्ष ठेव म्हटलं होतं, ह्याचं लक्ष जरा जास्तच लागलं. त्याच्या खांद्यावरची घागर उतरवून घेताना तिचं मनगट त्याच्या हाताला लागायचं आणि मग त्याचा सगळा दिवस वाया जायचा. सकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसला की नजर लिंगावर आणि मन कॉलनीत. त्याची आई, अव्वा, पलीकडून बघायची आणि कानडीत पुटपुटायची. लग्नाचं वय टळत चाललं होतं आणि पोरगा कुठल्याच मुलीला होय म्हणत नव्हता. आईला कळायला काय लागतं?

शांताक्का त्याला भावजी म्हणायची, तो तिला वैनी. ह्या दोन शब्दांच्या आडोशानं दोघं कितीतरी दिवस निवांत बोलत बसायची. एक दिवस तिनं भावजी म्हणायचं सोडलं. काहीच म्हणेना. "चहा घ्या," एवढंच म्हणाली, आणि विरुपाक्ष कढत चहा एका घोटात पिऊन निघाला.

शांताक्काला आडून बोलायची सवय नव्हती. त्यांच्या समाजात विधवेचं किंवा टाकलेल्या बाईचं दुसरं लग्न लागत असे. त्याला उडकी म्हणत. वाजंत्री नाही, मिरवणूक नाही, पंचांनी जुनी गाठ सोडून दिली की चार माणसांत उरकायचं. पण पंचांपुढं विषय काढायचा तर तो करून घेणाऱ्या पुरुषानं काढावा लागे.

"लोकं बोलायचं ते बोलतातच," ती म्हणाली. "तुमी पंचांम्होरं विषय काढा. न्हायतर उद्यापास्नं पाणी आणून टाकायचं बंद करा. ह्येच्या मधलं काय बी मला नको."

"पर हणमंतप्पाला म्या शब्द दिलाय, वैनी."

"आन त्येनं मला दिलता, त्याचं काय झालं?"

उत्तर नसलेली माणसं मुदत मागतात. विरुपाक्षनंही मागितली. "आयतवारी त्यो मोठा पिक्चर हाय. त्यो झाला की सांगतो," म्हणाला. ती हसली नाही, रागावलीही नाही. बरं म्हणाली.

तो मोठा पिक्चर म्हणजे फ्रेंच पिक्चर. उस्मानाबादच्या कॉलेजात शिवशरण सर म्हणून प्राध्यापक होते. त्यांनी जगातले चांगले चित्रपट बघणारं एक मंडळ काढलं होतं. मंडळात माणसं थोडी, जागा तर अजिबात नाही. गावातल्या टॉकीजवाल्यानं त्यांना दारातूनच वाटेला लावलं. मग त्यांना कुणीतरी लोहाऱ्याच्या कारखान्याचा प्रोजेक्टर सुचवला. साखरेचं गोदाम रिकामंच पडलं होतं. त्याला खिडक्या नाहीत, भरदिवसा आत काळोख. आबारावांनी परवानगी दिली, कारण फ्रेंच म्हणजे काहीतरी भारी असणार एवढं त्यांना ठाऊक होतं.

लोकांना वेगळंच ठाऊक होतं. फ्रेंच पिक्चर म्हटल्यावर लोहाऱ्यापासून भूमपर्यंत बाप्यांच्या डोळ्यांत एकदम तेज आलं. रविवारी सकाळी गोदाम खच्चून भरलं. दुष्काळात कीर्तनाला इतकी माणसं जमली नसती. कॉलनीतल्या बायकाही आल्या होत्या, कारण सरांनी त्यांना हा संसारी माणसांनी बघण्यासारखा चित्रपट आहे असं सांगून ठेवलं होतं. बायका डाव्या भिंतीकडं बसल्या. शांताक्का शेवटच्या ओळीत, प्रोजेक्टरपासून हाताच्या अंतरावर नव्हे, पण नजरेच्या अंतरावर.

पिक्चर सुरू झाला. समुद्रकाठचं गाव, संततधार पाऊस. एक नकाशे काढणारा माणूस कामानिमित्त तिथं येतो आणि एका बाईच्या घरी राहतो. बाईचा नवरा बोटीवर, कधी येईल त्याचा पत्ता नाही. आणि मग काय? मग दोघं बोलतात. ती सफरचंद सोलते, तो तिच्या हाताकडं बघतो आणि कर्तव्याबद्दल बोलतो. ती बशी पुसते, तो देवाबद्दल बोलतो. खाली इंग्रजी अक्षरं यायची आणि शिवशरण सर माइकवरून त्यांचं मराठी करून सांगायचे.

"नुस्तं बोलायलेत की!" पुढून एकजण ओरडला. "अवो, आमी काय ह्येंचं बोलणं ऐकाय आलाव व्हय?" हशा पिकला, शिट्ट्या झाल्या, भूमकडची मंडळी उठून गेली. काही म्हातारे मात्र हटेनात. त्यांना बाईशी कर्तव्य नव्हतं, ते पाऊस बघत होते. "बग बग, पागोळ्या कशा लागल्यात," असं एकमेकांना दाखवत होते.

एक माणूस मात्र सगळा पिक्चर जिवाचे कान करून ऐकत होता. नवरा परमुलखात, पाहुणा घरात, मनात मोह आणि तोंडात कर्तव्य. विरुपाक्षला घाम फुटला. आपली गोष्ट त्या गोऱ्या माणसांना कुणी सांगितली, हेच त्याला कळेना. आता हा माणूस काय करतो ते बघू, त्याच्याकडून आपल्यालाही वाट सापडेल, असं त्याच्या मनानं घेतलं. मोठ्या माणसांना पुराणात उत्तरं सापडतात, त्याच्या नशिबी पडदा होता.

पहिलं रीळ संपलं. प्रोजेक्टर एकच, त्यामुळं बदलताना थांबावं लागे. त्याच वेळी उठून जाणाऱ्यांनी गोदामाचं दार उघडलं. उजेडाचा एक पट्टा आत आला आणि नेमका शांताक्कावर पडला. ती मागं वळून त्याच्याकडंच बघत होती. विरुपाक्ष तिच्याकडं बघत राहिला आणि हात सवयीनं डब्यांकडं गेला. वरचा डबा घेतला, उघडला, रीळ चढवलं. डब्यावरची चिठ्ठी कधीच गळून पडली होती. रिळाच्या सुरुवातीला आकडा असतो, तो बघायचा असतो, पण बघायला डोळे मोकळे नव्हते.

हे रीळ तिसरं होतं.

पडद्यावर तो माणूस पुन्हा त्या गावात आला. त्या घराचं दार वाजवलं तर भलतीच बाई बाहेर आली. पहिली बाई तिथं राहत नव्हती. भलत्या बाईनं आतून एक काळी छत्री आणून त्याच्या हातात दिली. तो भर पावसात छत्री न उघडता उभा राहिला, आणि पडद्यावर तीन अक्षरं आली.

"समाप्त," सर माइकवर म्हणाले, आणि स्वतःच गडबडले. विरुपाक्षनं घाईनं उरलेलं रीळ उचललं आणि सरांना दाखवलं, हे अजून आहे. त्याला शंका आली नाही असं नाही, चांगलीच आली. पण शिवशरण सर शिकलेले होते. शिकलेल्या माणसाला चूक सापडत नाही, त्याला अर्थ सापडतो. सर क्षणभर थांबले आणि त्यांचा चेहरा उजळला. "पाहिलंत?" ते म्हणाले. "दिग्दर्शकानं शेवट मध्यावर आणून ठेवला! काळ सरळ चालतो हा आपला भ्रम आहे. लावा, पुढचं लावा."

विरुपाक्षनं लावलं. आता ती बाई घरात परत दिसली. पुन्हा तेच टेबल, तेच बोलणं. तिनं आपल्या खोलीचं दार उघडं ठेवलं. तो दारापाशी आला, बराच वेळ उभा राहिला, आणि त्यानं ते दार बाहेरून हळूच लावून घेतलं. पावसात निघाला तो थेट समुद्राकडं. चेहऱ्यावर मोठं समाधान. कोपऱ्यात त्याची छत्री तशीच राहिली होती. रीळ फडफडत सुटलं आणि पडदा पांढरा झाला.

सरांनी संयमावर भाषण केलं. भाषण चांगलं झालं म्हणतात.

विरुपाक्षच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दार बाहेरून लावून घ्यायचं, हीच मर्दाची रीत, हे त्याला पटलं. खरं सांगायचं तर पंचांपुढं उभं राहायचं त्याला आधीपासूनच भय होतं, आणि भित्र्या माणसाला धर्माचं कारण मिळालं की त्याच्यासारखा सुखी तोच. पण हे त्याला तेव्हा कळलं नाही. त्यानं घरी जाऊन तिच्याशी बोलायचं सगळं मनात घोळवलं. वैनी, मोह मलाही आहे, पण शब्द शब्द असतो, वगैरे. संध्याकाळ झाली तरी घोळवणं संपेना. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला तर खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, शांताक्का ट्रंक घेऊन पहिल्या गाडीनं येडशीला गेली, तिच्या भावाकडं.

न सांगता कळलं तिला, असं विरुपाक्षनं स्वतःला सांगितलं. केवढी थोर बाई! पिक्चरमधल्यापेक्षाही थोर.

पुढं शांताक्काची उडकी झाल्याचं कानावर आलं. भावानंच पंचांना धरलं. नवरा बंडप्पा, रेल्वेत गँगमन, बायको बाळंतपणात गेलेली. विरुपाक्षनं लग्न केलं नाही. अव्वा रडून रडून थकली आणि एका उन्हाळ्यात गेली. तो आपल्या संयमावर जगत राहिला. एकट्यानं भाकरी थापताना, आजारात एकट्यानं पडून असताना तो समुद्राकडं निघालेल्या त्या माणसाचा चेहरा आठवायचा. तसा चेहरा आपलाही असेल, असं त्याला वाटायचं. आरशात मात्र तो कधी सापडला नाही.

शहाऐंशी साली पुन्हा दुष्काळ आला आणि त्याच्यामागोमाग तो पिक्चरही. ह्या वेळी उस्मानाबादला कॉलेजच्याच सभागृहात. विरुपाक्ष मुद्दाम गेला, पुढच्या रांगेत बसला, धुतलेले कपडे घालून, देवळात जावं तसा. पहिलं रीळ झालं. दुसरं लागलं, आणि त्यात दार लागलं. माणूस छत्री विसरून समुद्राकडं निघाला. विरुपाक्ष ताडकन उठला आणि मागं ऑपरेटरकडं गेला. ऑपरेटर गुलाब त्याच्या ओळखीचा.

"गुलाब, रीळ चुकलं तुजं! ह्ये शेवटाला पायजे."

"दोन नंबरचंच हाय की, काका. ह्ये बगा," म्हणून गुलाबनं डबा दाखवला. मग तिसऱ्या रिळाची सुरुवातीची पट्टी उलगडून उजेडात धरली. आकडा स्वच्छ होता.

विरुपाक्षनं उरलेला पिक्चर भिंतीला टेकून बघितला. माणूस वर्षानं परत आला, घरात भलतीच माणसं, भलत्या बाईनं त्याची विसरलेली छत्री त्याच्या हातात दिली. ती हातात घेऊन तो मूर्खासारखा पावसात उभा राहिला. समाप्त. म्हणजे त्या दिग्दर्शकाला संयमाची आरती करायचीच नव्हती. स्वतःच्या मोठेपणावर खूश होऊन दार लावून जाणाऱ्या माणसाचं पुढं काय होतं, ते त्याला दाखवायचं होतं. आणि विरुपाक्षनं त्या माणसाला गुरू केलं होतं.

बाहेर शिवशरण सर भेटले. केस पांढरे झाले होते. विरुपाक्षनं त्यांना गाठून सांगितलं, "सर, तवा माज्याकडनं रिळं उलटी लागली. आन तुमी म्हणलाव, काळ सरळ चालत न्हाय."

सरांनी थोडं आठवल्यासारखं केलं. "असेल, असेल. पण तेव्हाही अर्थ लागत होताच की," ते म्हणाले आणि खांद्यावर थोपटून निघून गेले. विरुपाक्षला त्या क्षणी त्यांच्या डोक्यात टपली मारावीशी वाटली. मारली नाही. संयमाची सवय.

श्रावणात लोक येडशीजवळच्या रामलिंगाला जातात. पाऊस नव्हता, पण श्रावण पंचांगात होता. त्याचं निमित्त करून तो येडशीला उतरला. स्टेशनाजवळ विचारल्यावर बंडप्पाचं घर लगेच सापडलं. दारात शांताक्काच होती. अंगानं भरली होती, केसांत रुपेरी छटा आली होती. तिनं क्षणभर बघितलं.

"या, भावजी," ती म्हणाली.

तिनंच सोडलेला तो शब्द इतक्या वर्षांनी ऐकत विरुपाक्षनं उंबऱ्यापाशी चपला काढल्या. तो आत जाऊन बसला. बंडप्पा लाइनवर गेला होता, मुलगी शाळेत. खुंटीला लाल आणि हिरवा बावटा अडकवलेला. शांताक्कानं गुळाचा चहा टाकला.

"त्यो फ्रेंच पिक्चर परत आलता, उस्मानाबादेला," तो म्हणाला. दुसरं काही सुचलंच नाही.

"छत्रीचा?"

"तुमच्या ध्यानात हाय?"

"न ऱ्हायला काय झालं! त्या माणसाला छत्री आधी परत मिळाली आन मंग तो ती इसरला. असं कुठं असतंय व्हय? म्या तितंच वळखलं."

"काय वळखलं, वैनी?"

"की तुमी रिळं फिरवलाव. दार लावून जाणारा माणूस मुद्दाम शेवटाला आणलाव. मला उत्तर द्यायला." तिनं चहा गाळायला घेतला. "तुमच्या तोंडानं न्हाय निगंना, म्हणून पडद्यावर दावलंत. लई राग आलता तवा. मंग म्हणलं, असू दे. मला दारात उभी करून न्हाय म्हणाला असता तर त्ये जास्त लागलं असतं."

विरुपाक्षनं तोंड उघडलं. खरं काय ते ओठांवर आलं होतं. मी काहीच फिरवलं नव्हतं, मी तुझ्याकडं बघत होतो, बघता बघता हात चुकला. आणि त्या चुकीलाच मी देवाचा कौल समजलो.

शांताक्कानं कप त्याच्यापुढं ठेवला आणि थेट त्याच्याकडं बघितलं. "एक सांगा, भावजी. मुद्दामच न्हवं? कवाकवा मनात यायचं, चुकून झालं असलं तर? म्या एक दिस थांबाय पायजे हुतं का? पोरगी पोटात असतानाबी यायचं. ह्यो माणूस चांगलाय माजा, त्येच्यापाशी बसून असलं मनात आणायचं म्हंजी पाप. सांगून टाका एकदा."

बाहेर मालगाडी गेली, तेवढा वेळ विरुपाक्षला मिळाला. खुंटीवरचे बावटे हादरत होते. हातातला कप त्यानं दोन्ही हातांनी धरला.

"मुद्दामच," तो म्हणाला. "तोंडानं बोलायचा धीर न्हवता मला."

ह्यातलं दुसरं वाक्य खरं होतं.

शांताक्कानं मोठा श्वास सोडला. "त्येच म्हणलं," ती म्हणाली आणि भाकरीचं पीठ मळायला बसली. जेवून जावा म्हणाली, तो नको म्हणाला, रामलिंगाला जायचंय म्हणाला. तिनं आग्रह केला नाही. तो उंबऱ्याबाहेर पडला तेव्हा वावटळ सुटली होती आणि स्टेशनापलीकडं काही दिसत नव्हतं.

"भावजी, दार तेवढं लोटून घ्या," ती आतून म्हणाली. "फुफाटा येतोय घरात."

त्यानं दार लोटून घेतलं.